दोन पायऱ्यांचा हिशेब

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे. दहा फूट रुंदीचा भाड्याचा गाळा, बाहेर एक बाकडे, आत हिरवा पडदा आणि पडद्यामागे तपासणीचे लोखंडी टेबल. एक डॉक्टर व एक कंपाउंडर एवढाच कारभार. फी १५० रुपये. एखाद्याकडे नसली तर पगार झाल्यावर. गेली १८ वर्षे वस्तीतल्या पोरांचे ताप, म्हाताऱ्यांचे खोकले आणि बायाबापड्यांचे रक्तदाब याच गाळ्यात तपासले जातात.

या दवाखान्यात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पाच-पाच इंचांच्या. आम्ही त्या शेकडो वेळा चढलो असू, पण त्या तेथे आहेत याची जाणीव आम्हाला कधी झाली नाही. ती गेल्या पावसाळ्यात झाली.

आमच्या शेजारच्या मावशींची ही हकीकत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलगा आणि आईबापाविना राहिलेला पुतण्या असे दोघे वाढवले. साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय चार वर्षांपूर्वी गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे एका शिबिरात त्यांना चाकाची खुर्ची मिळाली. घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर. शाळेत जाणारी नातसुद्धा आजीला खुर्चीवरून तेथवर ढकलत नेते. पण खुर्ची पायरीपाशी थांबते. पुढे मावशींना उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात. मुलगा गोदामात हमाली करतो, पुतण्या रंगकामावर जातो. दोघे घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि दवाखाना आठला बंद होतो. म्हणजे मावशींना डॉक्टरकडे न्यायचे तर दोघांनी अर्धा-अर्धा रोज बुडवायचा.

पावसाळ्यात मावशींच्या डाव्या पायाच्या बोटाला चप्पल लागून फोड आला. त्यांनी सोळा दिवस कोणाला सांगितले नाही. वास येऊ लागला तेव्हा सुनेच्या ध्यानात आले. सरकारी इस्पितळात दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला, हे नशीब. आम्ही भेटायला गेलो तेव्हा विचारले, "मावशी, सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "अरे भाऊ, त्या महिन्यात दोनदा पोरांचा रोज बुडवला होता. तिसऱ्यांदा कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, फोडच तर आहे, बसंल."

वाचकहो, आम्ही नोकरीने कारकून आणि शिक्षणाने कॉमर्सवाले. दिवसभर दुसऱ्यांच्या खर्चाच्या नोंदी तपासणे हेच आमचे काम. मावशींचे हे उत्तर ऐकल्यावर आमच्या मनात आले की, हा खर्च मात्र कोणाच्याच वहीत लिहिलेला नाही. तो लिहून पाहावा म्हणून हा लेख.

डॉक्टरांची बाजू

प्रथम आम्ही वस्तीतली दोन तरुण मुले बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. खरे सांगायचे तर भांडायलाच गेलो होतो. डॉक्टरांनी दवाखाना बंद होईपर्यंत बसवून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, मावशींचे ऐकून मलाही वाईट वाटले. पण माझीही बाजू ऐका."

गाळा भाड्याचा. करार अकरा महिन्यांचा. मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, तर पायऱ्या कोठून फोडू देणार? पायऱ्या हौसेने केलेल्या नाहीत. पावसात गल्लीतले पाणी आत येते म्हणून जोते उंच ठेवले. समोरून नगरपालिकेचे गटार जाते. त्यावर काही बांधले तर सफाईवाले तोडणार. भाडे, वीजबिल, कंपाउंडरचा पगार आणि औषधे जाऊन जे उरते त्यावर डॉक्टरांचे घर चालते. "मोठ्या इस्पितळाला लिफ्ट बसवणे परवडते. माझ्यासारख्याला साधा उतार करायचा म्हटला तरी महिन्याचे गणित कोलमडते," असे ते म्हणाले.

आम्ही उठलो तेव्हा आमचा निम्मा राग उतरला होता. डॉक्टर खोटे बोलत नव्हते. पण मावशींची दोन बोटेही खरीच गेली होती. मग चूक कोणाची आणि खर्च कोणाचा?

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात यासाठी कायदा नाही असे नाही. १९९५ साली पहिला अपंग व्यक्ती कायदा झाला. त्यात रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये रॅम्प म्हणजे उतार असावेत असे लिहिले होते. परंतु त्याला एक शेपटी होती. सरकारने आणि स्थानिक संस्थांनी हे 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' करावे. आता ही कुवत कधी असते आणि कधी नसते, हे गरिबाला सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे २५ वे कलम आरोग्याबद्दल आहे. सरकारी आणि खाजगी रुग्णालये व इतर आरोग्य संस्था यांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता यावे, तसेच तपासणी आणि उपचारात दिव्यांगांना अग्रक्रम मिळावा, असे त्यात म्हटले आहे. 'खाजगी' हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडल्यास किमान ५० हजार आणि कमाल ५ लाख रुपये.

याच कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक संज्ञा आहे. तिचा अर्थ असा की, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून जे आवश्यक बदल आहेत ते करायचे, पण करणाऱ्यावर प्रमाणाबाहेरचा बोजा पडता कामा नये. म्हणजे छोट्या डॉक्टरला बुडवणे हा कायद्याचा हेतू नाही. पण "मी छोटा आहे" एवढे म्हणून त्याला सुटताही येत नाही. किती बोजा वाजवी आणि किती अवाजवी, हे हिशेब मांडल्याशिवाय ठरत नाही.

या कायद्याखालील नियम जून २०१७ मध्ये आले. सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत होती. तीही केव्हाच संपली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. त्यात न्यायालयाने म्हटले की, सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे आहेत, ते कायद्याशी सुसंगत नाहीत. बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश सरकारला दिला. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत आणि त्यांनी ही याचिका २००५ साली केली होती. १९ वर्षे एक माणूस कोर्टात उभा राहिला, तेव्हा ही ओळ पदरात पडली. मध्यंतरी सरकारी कागदांवर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. शब्द बदलला, पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असेही कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. लोकसंख्येतील त्यांचे एकूण प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के होते. अंगमेहनतीची कामे, कामावरचे अपघात आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांची किंमत कोणाच्या घरात अधिक मोजली जाते, हे आपण रोज पाहतो.

फूटपट्टी घेऊन

एका रविवारी आम्ही मोजमापाला निघालो. उताराचा साधा नियम असा की, एक इंच उंचीला बारा इंच लांबी हवी. याहून उभा उतार केला तर खुर्ची ढकलणाऱ्याला ती आवरत नाही आणि बसणाऱ्याच्या जिवावर बेतते. वस्तीत काही ठिकाणी पायऱ्यांवर सिमेंटचे घसरगुंडीसारखे उतार केलेले असतात. ते मोटारसायकल चढवायला ठीक, माणसासाठी नव्हेत.

दवाखान्याच्या दोन पायऱ्या मिळून उंची १० इंच. म्हणजे उतार १० फूट लांब हवा. शिवाय वर दारासमोर खुर्ची वळवायला ५ फुटांची सपाट जागा. एकूण १५ फूट, आणि रुंदी ४ फूट. गल्ली अरुंद असल्याने उतार समोर काढता येत नव्हता, भिंतीला लागूनच न्यावा लागणार होता. गाळ्याची रुंदी १० फूट. म्हणजे ५ फूट शेजारच्या टेलरच्या दुकानासमोर येणार. आणि खाली गटार.

वस्तीतच एक वेल्डिंगचे काम करणारे बंधू राहतात. त्यांनी सर्व पाहून सुचवले की, सिमेंटचे बांधकाम नकोच. जाड चेकर प्लेटचा लोखंडी उतार तीन तुकड्यांत करायचा. गटार साफ करायचे असेल तेव्हा तुकडे उचलून बाजूला ठेवायचे. एका बाजूला पाइपचा कठडा. पायऱ्या फोडायच्या नाहीत, म्हणजे मालकाची तक्रार नाही. उद्या दवाखाना दुसरीकडे गेला तर उतारही बरोबर जाईल. त्यांनी अंदाज दिला तो असा: माल २९ हजार, मजुरी ९ हजार, एकूण ३८ हजार रुपये.

आता वहीत लिहू

३८ हजार हा आकडा ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. आम्ही त्यांना म्हटले, "डॉक्टरसाहेब, एकरकमी खर्च असा एका दिवसाच्या नावावर टाकायचा नसतो. तो जितकी वर्षे उपयोगी पडेल तितक्या वर्षांवर पसरायचा असतो." लोखंडी उतार पाच वर्षे टिकेल असे धरले तरी वर्षाला ७,६०० रुपये. वर्षात ३०० दिवस दवाखाना उघडा धरला तर रोजचे साधारण २५ रुपये. एका पेशंटच्या फीचा सहावा हिस्सा.

आता दुसऱ्या पानावर मावशींचा हिशेब. डॉक्टरांची फी १५० रुपये. मुलाचा अर्धा रोज ३५०, पुतण्याचा अर्धा रोज ३५०. म्हणजे दीडशे रुपयांची तपासणी मावशींच्या घराला ८५० रुपयांना पडते. यातले ७०० रुपये दोन पायऱ्यांचे.

आम्ही तीन गल्ल्या फिरून पाहिले. पायऱ्या चढणे ज्यांना अशक्य किंवा फार त्रासाचे आहे अशी ११ माणसे निघाली. खुर्चीवर असलेली दोन, पोलिओमुळे कुबड्या वापरणारी तीन, लकव्याने एक बाजू गेलेली दोन आणि गुडघ्यांनी जेर झालेली म्हातारी माणसे चार. प्रत्येकाला महिन्यातून एकदा डॉक्टर लागतो असे धरू. वर्षाच्या १३२ खेपा. सर्वांना दोघांनी उचलावे लागत नाही, म्हणून मावशींच्या ७०० ऐवजी निम्मेच, ३५० रुपये धरू. ४६,२०० रुपये होतात.

वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. जो उतार ३८ हजारांत कायमचा होतो, तो नसल्याबद्दल आमच्या तीन गल्ल्या दर वर्षी ४६ हजार रुपये मोजत आहेत किंवा उपचाराविना घरी बसत आहेत. खर्च टळलेला नाही. तो डॉक्टरांच्या वहीतून निघून हमाल आणि रंगाऱ्याच्या वहीत गेला आहे, आणि तेथे वहीच नसल्यामुळे कोणाला दिसत नाही.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक बेरीज आहे. या १३२ खेपांपैकी निम्म्या आज होतच नसतील असे मानले, तर उतार झाल्यावर ६६ तपासण्या वाढतील. प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे वर्षाला ९,९०० रुपये. म्हणजे उताराचे वार्षिक ७,६०० भागून वर काही उरतेच. हा हिशेब डॉक्टरांनी स्वतः दोनदा तपासला.

'वर्गणी नको'

तरीही ३८ हजार रुपये आज कोठून आणायचे, हा प्रश्न होताच. रविवारी विहारात बैठक झाली. वकिलीचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला, "कायदा आपल्या बाजूने आहे. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करू. दंड झाला की आपोआप रॅम्प होईल." त्यावर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बाबा, दंड भरून डॉक्टर गाळा सोडून गेला तर उद्या तापात पोर घेऊन तू कुठं पळणार?" दोघांचेही खरे होते. मग कोणीतरी सुचवले, "घरटी शंभर रुपये वर्गणी काढू."

तेव्हा मावशींची सून उठली. ती सहसा बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, "वर्गणी नको. वर्गणीचा रॅम्प केला तर माझी सासू दर वेळी त्यावरून जाताना शंभर घरांचे उपकार मोजत जाईल. दवाखान्याचं दार जसं दवाखान्याचं आहे, तसा रॅम्पपण दवाखान्याचाच पाहिजे."

बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. आम्ही आयुष्यभर हक्क आणि दया यांतला फरक भाषणांतून सांगत आलो. त्या माउलीने तो एका वाक्यात सांगितला. वर्गणीचा विषय तेथेच संपला.

दुसऱ्या देशाने काय केले

मोठ्या संस्थेला जे सहज जमते ते छोट्या डॉक्टरला जड जाते, ही अडचण एकट्या भारताची नाही. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यातून छोटे डॉक्टरही सुटले नाहीत. तेथील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे.

न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे एक डॉक्टर एकट्याने दवाखाना चालवत. त्यांच्याकडे ल्युपस या आजाराची एक कर्णबधिर स्त्री येत असे. तिने सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावण्याची वारंवार विनंती केली. डॉक्टरांचे म्हणणे असे की, दुभाष्याला एका भेटीचे १५० ते २०० डॉलर द्यावे लागतात आणि विम्याकडून मला एका भेटीचे ४९ डॉलर मिळतात. तेव्हा हे परवडणार कसे? मग त्या बाईंच्या घरची माणसे, अगदी लहान मुलगीसुद्धा, आजाराचे आणि औषधांचे बोलणे इकडून तिकडे पोहोचवत राहिली. प्रकरण कोर्टात गेले. २००८ साली ज्यूरीने डॉक्टरांना ४ लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले. त्यातले निम्मे दंडात्मक होते.

एका भेटीपुरते पाहिले तर डॉक्टरांचे गणित चुकीचे नव्हते. २०० डॉलर देऊन ४९ मिळवणे हा तोट्याचाच व्यवहार. पण अशा २० भेटी धरल्या तरी दुभाष्याचा खर्च ४ हजार डॉलर होतो. ४ हजार वाचवताना ४ लाख गेले. आणि आईच्या दुखण्याचे ओझे लेकराच्या डोक्यावर टाकले गेले, त्याची किंमत वेगळीच. आपल्याकडेही मूकबधिर आईबापांची सात-आठ वर्षांची मुले डॉक्टरसमोर उभी राहून हे काम करतात. आईच्या कोणत्या तक्रारी लेकराने सांगाव्यात याला काही मर्यादा आहे की नाही?

मात्र अमेरिकेने नुसता दंडुका उगारला नाही. कायदा झाला त्याच वर्षी, १९९० मध्ये, छोट्या व्यवसायांसाठी करात सवलत ठेवली. वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरपर्यंत असलेला किंवा पूर्णवेळ कर्मचारी ३० पेक्षा जास्त नसलेला व्यवसाय यात येतो. अपंगांच्या सोयीसाठी केलेल्या खर्चातील पहिले २५० डॉलर त्याचे त्याने सोसायचे. त्यापुढे १०,२५० डॉलरपर्यंतच्या खर्चाचा निम्मा भाग थेट करातून वजा होतो. म्हणजे जास्तीत जास्त ५ हजार डॉलर. दुभाष्याचा खर्चही यात धरतात. वरचेच ४ हजार डॉलर एका वर्षात खर्च झाले असे मानले, तर त्यातले १,८७५ डॉलर सरकार सोसते. शिवाय दुभाष्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायला तेथे बंदी आहे. म्हणजे वाटणी झाली: काही व्यवसायाने, काही सरकारने, रुग्णाने काहीही नाही.

आपल्याकडे छोट्या डॉक्टरला रॅम्पसाठी अशी खास सवलत नाही. बरेच छोटे व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरतात. जमेच्या ५० टक्के नफा धरून त्यावर कर. त्यात रॅम्प केला काय आणि न केला काय, कर तेवढाच. कायदा सोयीची सक्ती करतो, पण सोय करणाऱ्याला एक रुपयाचाही आधार देत नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल आपल्या संघटनांनी बोलले पाहिजे.

आमच्या वस्तीतली वाटणी

वर्गणी नको हे ठरल्यावर आम्ही मालकाकडे गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकून घेतले नाही. दुसऱ्या खेपेस कायद्याच्या कलमाची झेरॉक्स आणि हिशेबाचा कागद दोन्ही पुढे ठेवले. "पायऱ्या फोडणार नाही, हे लिहून देतो," असे डॉक्टर म्हणाले. शेवटी मालकाने भाड्यातून महिना १ हजार याप्रमाणे आठ महिने वजा करण्याचे कबूल केले. ८ हजार सुटले. उरलेले ३० हजार डॉक्टरांचे. वेल्डिंगवाल्या बंधूंनी मालाचे पैसे आधी घेतले आणि मजुरीचे ९ हजार तीन हप्त्यांत घ्यायचे मान्य केले. टेलरने आपल्या दुकानासमोरचे ५ फूट दिले. त्यांची स्वतःची आई कुबडीवर चालते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

एक काम अजून बाकी आहे. गटारावरच्या फुटक्या फरशांमुळे दवाखान्यापर्यंत खुर्ची नेताना चाक अडकते. ती फरशी ना डॉक्टरांची, ना मालकाची. ती नगरपालिकेची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. त्या निधीतून ही फरशी बदलावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. पोच घेतली आहे. तीन फेऱ्या झाल्या. चौथी याच आठवड्यात.

ज्यांना पैसे लागत नाहीत

या खटपटीत एक गोष्ट शिकलो. दवाखान्यातल्या पुष्कळ सोयींना खर्च नव्हे, विचार लागतो. आमच्या डॉक्टरांनी पुढील गोष्टी रॅम्पच्या आधीच सुरू केल्या.

दिव्यांग पेशंटचा नंबर फोनवर लावून घेणे, म्हणजे तासभर बाकड्यावर ताटकळणे नको. कायद्यातला अग्रक्रम हाच.

तपासणीचे टेबल कमरेइतके उंच. खुर्चीवरून त्यावर चढता येत नाही. कोपऱ्यात पडून असलेली बुटकी खाट पडद्याआड आणली. अमेरिकेत तपासणीचे टेबल खाली आणल्यावर १७ इंचांवर यावे असा निकष आहे. आमच्या खाटेची उंची मोजली तर जवळपास तितकीच भरली!

नजर अधू असलेल्यांना गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या जाड अक्षरात लिहून देणे. अजिबात न दिसणाऱ्यासाठी सकाळच्या पाकिटाला एक आणि रात्रीच्या पाकिटाला दोन रबर लावणे.

कर्णबधिर पेशंटशी तोंडावरचा मास्क खाली करून, समोर पाहून, सावकाश बोलणे. लिहिता-वाचता येत असेल तर कागदावर लिहिणे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १० हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश तयार केला आहे. त्यात वैद्यकीय शब्दही आहेत आणि तो मोबाईलवर फुकट पाहता येतो. कंपाउंडरने त्यातून दुखणे, ताप, चक्कर, गोळी, उद्या या असे वीसेक शब्द शिकून घेतले. हे दुभाष्याची जागा घेणार नाही. ऑपरेशन किंवा मोठ्या आजाराचे बोलणे असेल तेथे दुभाषी हवाच. पण निदान पोराला मध्ये घालावे लागत नाही.

वाचकांना विनंती

रॅम्प बसून दोन महिने झाले. परवा सकाळी अकराच्या सुमारास आम्ही रजेवर होतो म्हणून दवाखान्यासमोरून जाताना दिसले. नातीला शाळेला सुट्टी होती. तिने आजीची खुर्ची उतारावरून सहज वर नेली. मावशी ड्रेसिंग करून बाहेर आल्या. मुलगा गोदामात होता, पुतण्या कामावर होता. दोघांपैकी कोणालाही फोन करावा लागला नाही. त्या दिवशी मावशींच्या घराला डॉक्टरांच्या भेटीचा खर्च आला १५० रुपये. आमच्या-तुमच्या घराला येतो तेवढाच.

तेव्हा बंधू-भगिनींनो, उद्या आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात जाल तेव्हा पायऱ्या मोजा. त्यांची उंची इंचांत मोजा, बाराने गुणा. आपल्या गल्लीत त्या पायऱ्या न चढू शकणारी माणसे किती आहेत हे घरोघर जाऊन विचारा, कारण अशी माणसे बाहेर दिसत नाहीत. त्यांना एका खेपेला किती खर्च येतो तो कागदावर लिहा. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे, मालकाकडे आणि नगरपालिकेत जा. भीक मागायला जाऊ नका, हुज्जत घालायलाही नको. हिशेब घेऊन जा. आणि घरात कोणी मावशींसारखे असेल, तर आज रात्री त्यांच्या पायांकडे एकदा नीट पाहा.